जामच्या काठी पाहण्यासारखं काय?

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून एका नव्या जिल्ह्यात आले, पण रुळांच्या हिशेबात ते अजून वेगळेच आहेत. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मोठ्या लाइनवर, मध्य रेल्वेत. सौंसर नागपूर–छिंदवाडा लाइनवर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेनंच जायचं ठरवलं तर आधी नागपूर गाठून इतवारीहून दुसरी गाडी धरावी लागते. नाहीतर घाट चढून आमला, तिथून जुन्नारदेव, परासिया करत छिंदवाडा आणि पुन्हा सातपुडा उतरून सौंसर. म्हणून इथला माणूस मुकाट्यानं बस धरतो. दोन्ही तालुक्यांना खऱ्या अर्थानं जोडते ती जाम नदी. पांढुर्ण्याच्या मधून ती जाते, जामसावळीला हनुमानाच्या पायाशी येते आणि पुढे कन्हानला मिळते.

या नदीच्या काठानं एक दिवस काढायचा, जमेल तितका रेल्वेनं, ही कल्पना भाचीची. ती नागपूरला एका आयात-व्यापाराच्या कचेरीत काम करते आणि कामासाठी चीनच्या ग्वांगझू शहरात जाऊन आली आहे. तिथे १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठा व्यापारमेळा भरतो. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, आता संत्र्याचा बगीचा सांभाळतात. नावं छापू नका, असं दोघांनीही सांगितलं. मी त्यांच्या ओळखीचा, आणि जामचं पाणी पीतच वाढलेला. दिवाळीनंतरच्या त्या दिवसभरात दोघांचं क्वचितच पटलं. मला मात्र दोघांच्या बोलण्यात इतकं काही मिळालं की ते जसंच्या तसं लिहून काढावंसं वाटलं.

सकाळची गाडी पांढुर्णा सोडून तिगावकडे निघाली आणि भाचीनं सुरुवात केली.

भाची: मामा, ग्वांगझूला मेळा संपला आणि एक दिवस मोकळा मिळाला. सकाळी गाडीत बसले आणि अडीच-तीन तासांत यांगशुओ स्टेशनवर उतरले. स्टेशनचं नाव यांगशुओ असलं तरी ते शिंगपिंग गावाजवळ आहे. तिथून ली नदीवर गेले. चुनखडीचे सुळके पाण्यातूनच वर आल्यासारखे वाटतात. त्यांच्या वीस युआनच्या नोटेच्या मागे तोच देखावा छापला आहे. लोक हातात नोट धरून मागचे डोंगर जुळवतात आणि फोटो काढतात. रात्री मी परत ग्वांगझूला. एका दिवसात नदी पाहून झाली.

मामा: एका दिवसात नदी पाहून होते काय? अन् गाडीतून काय पाह्यलं ते सांग.

भाची: गाडीतून फारसं नाही दिसत. त्या लाइनवर बोगदे आणि पूल यांचाच भरणा आहे. डोळ्यांसमोर अंधार, मग क्षणभर भाताची हिरवी खाचरं, पुन्हा अंधार. पण सोय बघा. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ. माणसं आपापले थर्मास घेऊन येतात, चहाची पानं टाकतात, शेवया भिजवतात. स्टेशनात शिरताना सामान तपासतात, ओळखपत्र दाखवावं लागतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीच फलाटाचं दार बंद होतं. धावत येऊन दांडा पकडणारा तिथे कोणी नाही.

मामा: म्हन्जे पोचनं झालं, प्रवास नाही झाला. आता इकडं पाय. हे तिगाव. इथून चिचोंड्यापर्यंत चढ आहे. वजनदार मालगाडी एकट्या इंजिनाच्यानं चढत नाही. मंग तिले मांगून इंजिन लावतात. आम्ही त्याले बँकर म्हनतो. पुढचा ओढते, मांगचा ढकलते. दोन्ही डायवरचं जमलं पाह्यजे. मांगच्यानं जास्त रेटा लावला तर मधातले डबे उचलून खाली उतरतीन, अन् कमी लावला तर जोड तुटन.

मामा हे सांगत असताना शेजारच्या रुळावरून एक लांबलचक कोळशाची गाडी वर चढत होती. वळणावर तिचं तोंड दिसेनासं झालं तरी शेपूट संपेना. शेवटी आला तो बँकर, आपल्याच आवाजात थरथरणारा. खिडकीच्या लोखंडी गजातूनही ती थरथर हाताला लागत होती. भाची बोलायची थांबली आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. माझं मत इथे मामांच्या बाजूनं आहे. ज्या गाडीतून डोंगराचा चढ अंगाला कळतो, त्या गाडीत बसलेल्याला नदी कुठून येते हे वेगळं शिकवावं लागत नाही. नागपूरचं सपाट रान मागे पडतं, गाडी दम खात वर जाते आणि मुलताईला आपण पठारावर पोचतो. आजूबाजूच्या सगळ्या नद्या इथूनच खाली का धावतात, ते मग आपोआप उमगतं.

मुलताई बैतूल जिल्ह्यात. गावाच्या मधोमध तापीचं कुंड आहे, भोवती पायऱ्या आणि देवळं. आषाढ शुद्ध सप्तमीला इथे तापीचा जन्मोत्सव होतो. भुसावळच्या पुलावरून किंवा चांगदेवच्या संगमावर ज्यांनी तापी पाहिली आहे, त्यांनी एकदा हे शांत पाणी पाहायला हवं. ७२४ किलोमीटर चालून सुरतेपाशी समुद्राला मिळणारी नदी इथे चार बाजूंनी बांधलेल्या टाक्यात मावते.

भाची: सुंदर आहे, पण मामा, इथे आलेल्या माणसाला कळणार कसं की आपण कशाच्या माथ्यावर उभे आहोत?

मामा: तेच तर सांगतो. तापी इथून पश्चिमेले जाते. वर्धा नदी याच मुलताई तालुक्यात निघते अन् खाली गोदावरीकडं जाते. आपली जाम, कन्हान बी पूर्वेचीच. एकाच दिवशी पडलेला पाऊस, अर्धा गुजरातेत जाते, अर्धा आंध्राच्या समुद्रात.

भाची: चीनमध्ये अगदी अशीच एक जागा आहे. ली नदीच्या वरच्या अंगाला शिंगआन म्हणून गाव आहे. तिथून एक नदी उत्तरेला यांगत्सेकडे जाते आणि ली दक्षिणेला मोत्यांच्या नदीकडे. इसवी सनापूर्वी २१४ मध्ये, चिन सम्राटाच्या काळात, त्यांनी दोघींच्या मधे कालवा खणला. लिंगछू त्याचं नाव. सैन्याचं धान्य एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नावेनं न्यायला. तो कालवा आजही आहे आणि लोक तिकीट काढून पाहायला जातात.

मामा: मानसानं दोन नद्या जोडल्या ते पाहाले लोक तिकीट काढतात. इथं डोंगरानं वेगळ्या केल्या ते फुकट आहे, तर कोनी येत नाही.

भाची: फुकट आहे म्हणून नाही. कोणी सांगत नाही म्हणून. सांगायला काय हवं? एक नकाशा, कुंडाजवळ एक फलक, स्टेशनवर चार ओळी.

मी यात एक भर घालतो. मुलताईच्या माथ्यावर वेगळं झालेलं सगळंच पाणी कायमचं तुटत नाही. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वर्धा आपल्या वाटेनं चंद्रपूरकडे उतरते. गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि तिथून प्राणहिता सुरू होते. म्हणजे मुलताईच्या एका शेतावरचं पाणी वर्धेतून आणि पांढुर्ण्याच्या गल्लीतलं पाणी जाममधून, शेकडो किलोमीटर फिरून, पुन्हा एका पात्रात येतं. विदर्भाचा भूगोल शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. शाळांच्या सहली अम्यूझमेंट पार्कात जातात, त्या एकदा तरी या गाडीनं मुलताईला याव्यात.

परतीच्या गाडीत विषय थोडा भरकटला. भाची म्हणाली, ग्वांगझूत आपल्याकडची माणसं भरपूर भेटतात. मामांनी लगेच आठवण काढली की सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातले नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस याच शहरात पोचले होते. तेव्हा त्याला कँटन म्हणत. महिनाभरातच ते शहर जपान्यांच्या हाती गेलं. पथक तोवर पुढे निघालं होतं. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. कोटणिसांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, चोळकरांना नागपूरही विसरत चाललं आहे, याचं मला वाईट वाटतं.

दुपारी पांढुर्ण्यात उतरून आम्ही जामच्या पात्राशी गेलो. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. दोन्ही काठांवरून दगड सुटतात. झेंडा ज्यांच्या हाती येतो ते तो चंडीमातेच्या देवळात नेतात. दोन गावांतल्या प्रेमी युगुलाची कथा सांगतात, पळून जाताना नदीतच दगडांखाली मेलेल्या. या खेळात आजवर माणसं मेली आहेत, दरवर्षी कितीतरी जखमी होतात. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चाललं नाही.

भाची: वर्षातून एकदा हजारो माणसं या नदीवर येतात ती एकमेकांची डोकी फोडायला. तुमच्या गावाची ओळख देशभर तीच आहे.

मामा: नवस आहे लोकाईचा. बंद करा म्हनून बंद होत नाही.

भाची: दक्षिण चीनमध्ये ड्रॅगनच्या तोंडाच्या लांब नावांची शर्यत असते, उन्हाळ्यातल्या सणाला. आज तो खेळ आहे. ढोल वाजतो, वल्ही एका तालात पडतात. पण जुन्या काळी तिथेही गावागावांत मारामाऱ्या होत, नावेतून दगड फेकत, माणसं बुडत. सरकारं बंदी घालत आणि लोक मोडत. तरी तो सण आज रक्ताशिवाय होतो ना?

मामा: (बऱ्याच वेळानं) आमच्याच गल्लीत एक डोळा गेलेला मानूस आहे. त्याच्या पोरानं यंदा गोटा उचलला नाही. असं एकेक घर थांबलं तर थांबन.

माझं म्हणणं याबाबत स्वच्छ आहे. झाड रोवावं, झेंडा लावावा, दोन्ही गावांनी पाण्यात उतरून चढाओढ करावी, चंडीमातेची पूजा व्हावी. दगड नको. परंपरेचा मान झाडात आणि झेंड्यात आहे, आणि पांढुर्णा-सावरगावची माणसं इतकी हिकमती आहेत की दगडाविना हा दिवस गाजवणं त्यांना अवघड नाही.

पांढुर्ण्याहून बसनं जामसावळी. पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची ही स्वयंभू मूर्ती दूरदूरच्या भाविकांना ठाऊक आहे. हिंदी, मराठी, गोंडी अशा तिन्ही बोलींतली माणसं रांगेत असतात. जवळून जाम वाहते आणि सर्पा नदीही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथे हनुमान लोक या मंदिर-परिसराच्या विकासकामाचं भूमिपूजन झालं, आणि पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही त्याच वेळी झाली. खरा वाद पेटला तो इथे.

भाची: बघा, इथे माणसं आहेतच. घाट बांधा, काठावर झाडं लावा, सावली करा, बसायला जागा करा, संध्याकाळी आरती करा. लोक देवाला येतात तसे नदीलाही येतील. ज्या नदीकडे कोणी पाहत नाही, तिच्यात सांडपाणी सोडताना कोणाला लाज वाटत नाही. पाहणारे डोळे आले की नदी राखली जाते.

मामा: अन् उन्हाळ्यात काय दाखवशील? एप्रिल-मेमधी ये. गोटे दिसतीन. पायऱ्या बांधाले पैसा आहे, पान्याले नाही. अन् ते चीनचं सांग, त्या नदीवर मासे मारनारे होते ना, पक्षी घेऊन?

भाची: पाणकावळे घेऊन. आता ते बहुतेक फोटोसाठीच उभे राहतात. फोटो काढायचे पैसे घेतात.

मामा: पाय मंग. नदीवर जगनारा मानूस नदीवरच्या देखाव्यातला झाला. आपल्या कन्हानच्या रेतीत ढिवर टरबुजाच्या वाड्या लावतात. उद्या तिथं बी दोरी बांधून तिकीट लावाल, अन् त्याले म्हनाल, टरबूज हातात घेऊन उभा राह्य.

भाची: मामा, त्या ढिवराची वाडी तिकिटानं नाही जात, रेतीच्या टिप्परनं जाते. रेती उपसून नेली तर तो टरबूज लावणार कशात? आणि ली नदीचं पाणीही आपोआप टिकलेलं नाही. काठावरच्या कारखान्यांनी ती नासवली होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीला सरकारनं त्यातले बरेच बंद केले, काही हलवले. हिवाळ्यात तिलाही पाणी कमी पडतं, नावा टेकायला लागतात. मग वरच्या छिंगशितान धरणातून मुद्दाम पाणी सोडतात, नदी वाहती राहावी म्हणून. शेतीसाठीच राखलेल्या पाण्यातला एक वाटा त्यांनी नदीला दिला.

मामा: धरनातून नदीले पानी? आपल्याकडं नदीचं धरनात जाते.

भाची: आणि बोअरमधून बगिच्यात जातं. तुमच्यासुद्धा.

मामा थोडे गप्प झाले. मग बोलले ते अगदी मोजून.

मामा: हाव, जाते. आंबिया बहाराले झाडाले ताण द्या लागते, पानी तोडा लागते. पानं मलूल झाली की समजाचं ताण बसला. मंग पानी सोडलं की फूल येते. त्या पान्याले एक दिवस उशीर झाला तर बहार गेला. पह्यले विहिरीवर भागत होतं. मंग एकानं बोअर मारलं, त्याच्यापेक्षा दुसऱ्यानं खोल मारलं. आता म्या ठिबक बसवलं. पन शेजारी पाटानंच सोडते. एकट्यानं नदी भरत नाही, पोरी.

भाची: मग एकट्यानं कशाला? मी नागपूरला कोणाचं पाणी पिते? पेंच आणि कन्हानचं. कन्हानमध्ये जाम येते. म्हणजे तुम्ही ठिबकनं वाचवलेलं पाणी माझ्या नळाला येतं. मला त्याची किंमत द्यायला हवी. नागपूर शहराला द्यायला हवी. आणि ती मी तेव्हाच देईन जेव्हा मला ही नदी ठाऊक असेल. म्हणून म्हणते, लोकांना इथे आणा.

संपूर्ण दिवसातलं सर्वांत मोलाचं बोलणं मला हे वाटलं. नागपूरकर पाण्याबद्दल बोलतात तेव्हा ते तोतलाडोहच्या पातळीबद्दल बोलतात, चौरईच्या धरणानं पेंचचं पाणी अडलं याबद्दल बोलतात. कन्हानच्या वर, सौंसरच्या पलीकडे, कोणी शेतकरी संत्र्याला किती पाणी देतो यावर त्यांचा उन्हाळा काही अंशी ठरतो, हे त्यांच्या मनात येत नाही. राज्याची सीमा मधे आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. सीमा आखली गेली ती माणसांमधून, नदीला तिचा पत्ता नाही. पाण्याचा हिशेब मात्र दोन राज्यांच्या कचेऱ्यांत वेगवेगळा लिहिला जातो.

मामांचं एक म्हणणं मी तरीही सोडणार नाही. पायऱ्या आधी आणि पाणी नंतर, हा क्रम चुकीचाच आहे. कोरड्या पात्राला दगडी घाट बांधला की गाव समाधान मानतं आणि पाण्याचं काम मागे पडतं. भाचीनं दिलेल्या ली नदीच्या दाखल्यातही आधी कारखाने हटले, पाणी सोडलं गेलं, म्हणून नावा चालू राहिल्या. तो क्रम तिनं स्वतःच सांगितला, आणि जाता जाता तिनं मामांना ते कबूलही केलं.

शेवटी सौंसरचं स्टेशन. गाडीची वेळ नव्हती. रुंद रूळ, वर विजेच्या तारा, फलाट रिकामा. इथे पूर्वी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी यायची. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि रूळ बदलून २०२१ मध्ये पुन्हा इतवारी–छिंदवाडा गाडी धावू लागली. मामांना ती छोटी गाडी अजून दिसते. रामाकोन्याला कन्हान, पुढे सिल्लेवानीच्या डोंगरात कुकडीखापाचा धबधबा, पावसाळ्यात गाडीतूनच दिसणारा. भाचीनं ते इंजिन फक्त नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात पाहिलं आहे. तिला नव्या गाडीचं अप्रूप जास्त: सौंसरची मुलगी सकाळी कॉलेजला नागपूरला जाऊ शकते, हे तिला धबधब्याहून मोठं वाटतं. मामांनी यावर वाद घातला नाही. त्यांची स्वतःची नात नागपूरला शिकते.

भाचीला नागपूरची बस मिळाली, आम्ही पांढुर्ण्याची धरली.

नागपूरच्या वाचकांना माझं सांगणं एवढंच. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पांढुर्ण्यावरून मुलताईला रेल्वेनं जा, तापीचं कुंड पाहा, येताना पांढुर्ण्याला उतरून बसनं जामसावळीला जा. बाटल्या-पिशव्या मागे टाकू नका. आणि मग त्याच नदीकाठी एप्रिलमध्ये पुन्हा या. कोरडं पात्र पाहून आपल्या महापालिकेला विचारा की कन्हानच्या वरच्या शेतांत ठिबक बसवायला शहर काय देणार आहे. जामसावळीच्या विकासकामात पहिला पैसा जाम आणि सर्पाच्या पाण्यावर खर्च व्हावा: सांडपाणी अडवण्यावर, रेतीउपसा थांबवण्यावर, वरच्या गावांत पाणी जिरवण्यावर. घाटाच्या पायऱ्या त्यानंतर बांधाव्यात.